घोगरे कुठे गेले?

सोमवार, ४ मार्च

ठरलं एकदाचं. मी संकलन केलेला सिनेमा दुसऱ्या घरी जाणार. दिग्दर्शक सकाळी चहाला आला आणि दोन बिस्किटं संपवल्यावर, म्हणजे आता मी हाकलणार नाही अशी खात्री झाल्यावर, म्हणाला, "वहिनी, शेवटचं काम त्या मोठ्या स्टुडिओत करायचं ठरलंय. रंग, आवाज, सगळं. फक्त ते लोक वेगळं सॉफ्टवेअर वापरतात. तुमची टाइमलाइन त्यांच्यासाठी एक्सपोर्ट करून द्यायची. बटण दाबायचं, बस."

बटण दाबायचं, बस! कॉलेजात आमच्या ह्यांच्या मागे मागे फिरायचा तेव्हापासून ओळखते मी याला. दुसऱ्याच्या कामापुढे 'बस' लावायची सवय तेव्हाचीच आहे.

तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, "म्हणजे नेमकं काय पाठवणार गं तू?" त्यांना सांगितलं ते इथेही लिहिते, माझंच डोकं ताळ्यावर येईल. टाइमलाइन म्हणजे सिनेमा नव्हे. कुठला तुकडा कुठून कुठवर घ्यायचा आणि कशामागे काय जोडायचं, एवढंच त्यात असतं. दुसरं सॉफ्टवेअर ते वाचून मूळ चित्रीकरणातून सिनेमा पुन्हा जुळवतं. पण आपण वरून जे साज चढवलेले असतात, पाट्या, चालीतले बदल वगैरे, ते तिकडे पोचतीलच असं नाही.

"म्हणजे पाठवणीच की," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी सासरी पोचते, ट्रंक माहेरी राहते."

हसू आलं, पण ट्रंकेत काय काय राहील ते मोजायलाही लागले. कारण या सिनेमात मला काळजी आहे ती एकाच माणसाची. ताईची.

सिनेमा एका वृद्धाश्रमावर आहे. बाहेरून देखणा, कुंड्या, पांढरे पडदे. आत संध्याकाळनंतर माणसं कमी ठेवतात आणि म्हाताऱ्यांना पलंगाला बांधतात. हे कॅमेऱ्यासमोर सांगणारी एकटी ताई. ती तिथेच सेविका आहे, अजून नोकरीवर आहे, आणि तिचे वडीलही त्याच आश्रमात वरच्या मजल्यावर असतात. तिचं नाव मी या वहीतसुद्धा लिहिणार नाही.

मागच्या महिन्यात ती घरी आली होती, आपण ओळखू येत नाही ना याची खात्री करायला. तिच्या चेहऱ्यावर मी ब्लर टाकला आहे, आम्ही त्याला झाकण म्हणतो. आवाजही खाली आणून जाड केला आहे. गंमत म्हणजे पडद्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग पाठ करून बसली आणि डोळे मिटून ऐकत राहिली. म्हणाली, "आमच्याकडच्या निम्म्या आज्यांना दिसत नाही, वहिनी. त्या मला आवाजावर ओळखतात. आणि आश्रम चालवणाऱ्या मोठ्या बाई तर जिन्यात कुणी खोकलं तरी कोण ते सांगतात." शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "ही मी नाही." तेव्हा पहिल्यांदा हसली.

जाताना बाहेरच्या खोलीत सासूबाई पाय चोळत बसलेल्या दिसल्या. कुणी न सांगता ही खाली बसली आणि गप्पा मारत मारत त्यांचे पाय चेपून दिले. दाराशी आल्यावर मला म्हणाली, "कुणी ओळखलं तर नोकरी जाईल ते जाऊ द्या. बाबा त्यांच्या हातात आहेत."

"तुमच्या केसाला धक्का लागणार नाही," मी म्हटलं. "शब्द देते."

बावीस तारखेला सिनेमा नेटवर येणार. तोवर शब्द निभवायचा आहे.


बुधवार, ६ मार्च

काल सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसरा डोळा नंतर. उजेड टाळा, टीव्ही नको, मोबाइल नको असं डॉक्टरांनी बजावलं आहे. घरात अंधारी खोली एकच, माझी. त्यामुळे त्यांची खाट माझ्या टेबलामागे आली आहे. काळा चष्मा लावून भिंतीकडे तोंड करून त्या पडून असतात.

"तुझ्या पडद्याकडे बघणार नाही हो मी. कानांना तर बंदी नाही ना?"

कानांना बंदी घालायला हवी होती. सकाळी ताईचा भाग एकदा चालवून पाहिला तर मागून प्रश्न, "हा घोगऱ्या आवाजाचा बुवा कोण गं? सारखा रडकुंडीला आलेला?" मी खुलासा केला नाही. जितक्या कमी लोकांना माहीत तितकं बरं, आणि सासूबाईंच्या पोटात गोष्ट राहत असती तर आमचे हे त्यांना न सांगता परगावी नोकरी धरून मोकळे झाले नसते. तर त्या बुवांचं नाव पडलं 'घोगरे'. दुपारी मी खोलीत शिरले तर विचारतात, "आता पुन्हा घोगरे येणार का?"

टाइमलाइन रंगीत तालीम म्हणून आधी माझ्याच मशीनवर दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघितली. पोरगी पोचली, पण काय अवतार! कट जिथल्या तिथे आहेत. बाकी सगळा आनंद. जिथे मी चाल संथ केली होती तिथे आश्रमातल्या आज्या व्हरांड्यातून पळत सुटल्या आहेत. नावांच्या पाट्या गायब. आणि मध्येच ताई. झाकण नाही, काही नाही. स्वच्छ चेहरा, कपाळावरचा घामसुद्धा दिसतोय.

उठून आधी दार लावलं. घरात आम्ही दोघीच, त्यातल्या एकीला दिसत नाही, तरी लावलं.

आवाज बंद होता. चित्र तपासताना आवाज बंद ठेवायचा, ही माझी जुनी शिस्त आहे. कान ऐकायला लागले की डोळा आळशी होतो.


शुक्रवार, ८ मार्च

आज काय झालं ते आधी लिहून टाकते.

स्टुडिओत चित्राचं काम बघणारा एक चष्मेवाला मुलगा आहे, तिशीचा असेल, कामाला चोख. त्याने माझी टाइमलाइन उघडली. आधी पडदाभर लाल पाट्या, एकही तुकडा सापडेना. त्याने शांतपणे हार्ड डिस्कचा रस्ता दाखवून दिला आणि एकेक पाटी जाऊन चित्रं येऊ लागली. मी त्याला सांगत होते की साक्षीदाराचा भाग आता उघडू नका, आधी झाकण टाकायचंय. "हो मॅडम, बघतो," म्हणत त्याने नेमका तोच उघडला. त्यांच्याकडे छोटा पडदा नाही. प्रोजेक्टर आहे. ताईचा चेहरा भिंतीएवढा झाला, उघडा.

आणि त्याच वेळी दार ढकलून कुठल्याशा जाहिरातीची तीन-चार माणसं आत आली. त्यांना वाटलं त्यांचीच खोली.

मी प्रोजेक्टरसमोर जाऊन उभी राहिले. काय बोलले आठवत नाही. चष्मेवाला म्हणतो की मी "बाहेर! बाहेर!" असं ओरडले. खाली बघितलं तर तिचा एक डोळा माझ्या ओढणीवर पडला होता आणि मी श्वास घेतला की हलत होता.

ती माणसं गेली. हसत गेली, त्यांना ती कोण ते कुठून माहीत असणार? चष्मेवाल्याने पाण्याचा ग्लास दिला आणि झाकण नव्याने करायला बसला. तिची मान जिकडे वळेल तिकडे ते सरकवत न्यायचं, वेळखाऊ काम. मी शेजारी बसून एकेक चित्र बघून 'हो' म्हणत गेले. संपलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

निघताना ध्वनीचं काम करणारे काका भेटले. स्टुडिओत त्यांना सगळे कानसेन म्हणतात. म्हणाले, "मला आवाज कोरा पाठवा बरं का. तुमच्याकडचे साज चढवून दिलेत की माझ्याकडे सगळा चिखल होतो."

"कोरा देते. पण त्या साक्षीदार बाईंची ओळख कुठे उघडी पडता कामा नये, एवढं सांभाळा."

"बघितलं की आत्ताच. मस्त झाकलंय पोरानं."

"बघितलंत ना? मग झालं," मी म्हटलं. घरी येऊन त्यांच्यासाठी सिनेमाचा आवाज एक्सपोर्ट केला. 'इफेक्टसह' अशी एक चौकट असते, तिच्यावरची खूण काढून टाकली. मागितला तसा कोरा दिला. माझ्या बाजूने कुणाला बोट ठेवायला जागा नको.


रविवार, १० मार्च

विशेष काही नाही. ह्यांचा फोन आला. "आईच्या डोळ्यात औषध वेळेवर घालतेस ना?" मी म्हटलं, त्यांच्या डोळ्यात औषध आणि माझ्या डोळ्यात तेल, दोन्ही वेळेवर चाललंय.


मंगळवार, १२ मार्च

स्टुडिओतून पूर्ण जुळवलेला सिनेमा आला, रंग लागलेला, आवाज बसवलेला. दिवसभर तो तपासला. पडदे ओढून, आवाज बंद करून, डोळ्यात तेल घालून.

आणि सापडलंच! ताई मान वळवून खिडकीकडे बघते तिथे झाकण क्षणभर मागे राहतं आणि कानाजवळचा तीळ दिसतो. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. चष्मेवाल्याला फोन केला, त्याने तिथल्या तिथे दुरुस्त करून नवी फाइल धाडली. म्हणाला, "मॅडम, तुमचा डोळा म्हणजे डोळा आहे." खोटं कशाला लिहू, फुगले मी.

ताईला निरोप पाठवला: 'काळजी नको. स्वतः बघितलंय.' तिचं उत्तर आलं, 'तुमच्यावर भरवसा आहे वहिनी.'


गुरुवार, १४ मार्च

दिग्दर्शकाला लोकांपुढे आधीच सोडायला एक छोटी झलक हवी आहे. सकाळपासून ठाण मांडून बसला होता. स्टुडिओच्या फाइलमधूनच तुकडे काढले. त्याला ताईचं झाकलेलं चित्र हवं होतं, "थरार येतो, वहिनी." मी साफ नाही म्हटलं. थरार तुझ्या घरी ने. झाकलेलासुद्धा चेहरा झलकेत नको, केसांच्या वळणावरूनही माणूस ओळखू येतो.

मग मला सुचलं. पडदा पूर्ण काळा. त्यावर फक्त तिचं एक वाक्य: "संध्याकाळ झाली की आम्ही त्यांना बांधतो. मऊ चादरीनं बांधतो, म्हणजे वळ उठत नाही." बस, संपलं. (मीही 'बस' म्हणायला लागले.) दिग्दर्शक गप्पच झाला. त्याला गप्प करणारी गोष्ट चांगलीच असणार. शिवाय चेहराच नाही, म्हणजे धोकाच नाही.

ते वाक्य नीट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा वाजवत होतो. चित्रीकरण झाल्यापासून ताईला इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही तिचा श्वास कुठे अडतो ते सांगेन. मागून सासूबाई म्हणाल्या, "घोगरे कुठे गेले गं? हल्ली येत नाहीत."

"आहेत की. तेच बोलतायत."

"छे! ही तर बाई आहे. ओळखीची वाटते मला."

दिग्दर्शक हसायला लागला. मीही हसले. बिचाऱ्या पडून पडून कंटाळल्या आहेत, त्यांना आता सगळेच ओळखीचे वाटतात. काल दूधवाल्याला भाचा समजून त्याच्या लग्नाची चौकशी करत होत्या.


शनिवार, १६ मार्च

झलक काल संध्याकाळी नेटवर गेली आणि वाऱ्यासारखी पसरली. ज्याचा त्याचा फोन. 'त्या काळ्या पडद्यानं अंगावर काटा आला' असं अनोळखी माणसांनी लिहिलंय. दिग्दर्शकाने सगळ्यांना सांगून टाकलं की कल्पना त्याची. सांगू दे. मला माहीत आहे कुणाची ते.

ताईला झलक पाठवली होती. अजून काही उत्तर नाही. ड्यूटीवर असेल.


सोमवार, १८ मार्च

कसं लिहू कळत नाही. लिहिल्याशिवाय राहवतही नाही.

ताईचा काल दिवसभर फोन नाही, निरोप नाही. आज सकाळी आश्रमाच्या वकिलाची नोटीस आली म्हणून दिग्दर्शक सांगत होता. तो खुशीत होता, म्हणाला, "बोंबलू दे, प्रसिद्धीच होतेय." मला काही ते बरं वाटलं नाही, पण सासूबाईंना डोळा दाखवायला न्यायचं होतं, म्हणून विषय तिथेच सोडला.

दवाखान्यात बाहेर बाकांवर रांगेने माणसं बसलेली, सगळ्यांना काळे चष्मे, कुणाच्या डोळ्याला पट्टी. कुणालाच दिसत नाही त्यामुळे सगळे गप्प. कोपऱ्यात एका बाईची मुलगी मोबाइल बघत होती, आवाज मोठा करून. आणि त्या गप्प खोलीत ऐकू आलं, "संध्याकाळ झाली की आम्ही त्यांना बांधतो..."

सासूबाईंनी माझा हात धरला. "अगं, ही ती! आपल्याकडे आलेली. माझे पाय चेपून दिले ना तिनं?"

मी म्हटलं, "हळू बोला."

"हळू काय? तोच आवाज. मी कुठेही ओळखीन. 'आजी, टाच दुखते का' असं विचारत होती. तीच ही."

बाकावरच्या सगळ्या काळ्या चष्म्यांची तोंडं आमच्याकडे वळली.

मी तिथेच बसून राहिले. त्या मुलीने पुन्हा तेच लावलं आणि मी पहिल्यांदा ऐकलं. ऐकलं म्हणजे कानांनी ऐकलं. घोगरे नव्हते त्यात. ताई होती. जशी दाराशी बोलली तशी, अडखळत, 'वळ' म्हणताना खालच्या पट्टीत जात. तिला महिनोन् महिने असंच ऐकत आले, म्हणून तिचा खरा आवाज कानावर पडला तरी मला खटकला नाही. माझ्या कानाला तोच सवयीचा! घोगरे फक्त सासूबाईंच्या ओळखीचे होते. आणि त्यांनी विचारलं तेव्हा आम्ही दोघं शहाणी माणसं हसलो.

कोरा दिला मी आवाज. स्वतःच्या हाताने खूण काढली. कानसेनना कुणी सांगितलंच नव्हतं की आवाजही झाकलेला होता. मी 'ओळख' म्हटलं, त्यांनी चेहरा ऐकला. मग मी दिवसभर सिनेमा तपासला तो मुका करून. आणि वर कडी म्हणजे तिचं ते एक वाक्य काळ्या पडद्यावर एकटं ठेवलं, दुसरं बघायला काहीच नाही असं, जगाने नीट ऐकावं म्हणून.

दवाखान्यातूनच दिग्दर्शकाला फोन केला. आधी त्याला कळेना, मग कळलं, मग तो शिव्या देत बसला. झलक उतरवली. पण इतरांनी आपापल्या नावाने टाकलेल्या कितीतरी आहेत, त्या कोण उतरवणार? ताईला फोन लावत राहिले. बंद.

सासूबाईंचा डोळा उत्तम आहे म्हणाले डॉक्टर. चष्मा काढला तरी चालेल.


मंगळवार, १९ मार्च

फोन बंदच.

कानसेन फोनवर रडवेले झाले. "तुम्ही एका शब्दाने म्हणाला असतात तर..." मी म्हटलं, काका, तुमची चूक नाही. खरंच नाही. डोळ्यात तेल घातलं होतं मी आणि कानात बोळे. सासरी गेल्यावर मुलींचा आवाज बसतो म्हणतात. हिला मी पाठवली आणि हिचा आवाज खुला झाला, नेमका जिथे बसायला हवा होता तिथे.

दिग्दर्शक दुपारी आला. आज बिस्किटाला हात लावला नाही. "वहिनी, तिचा भागच काढून टाकू. आपले वकील म्हणतायत, साक्षीदारच नसेल तर आपण सुटलो."

"आपण सुटलो. आणि ती?"

"तिला आता आपण काय करू शकतो?"

मला त्याचा राग आला नाही. मलाही हेच सुचलं होतं सकाळी, दात घासताना. मग स्वतःचीच लाज वाटली. आश्रमाच्या फाटकापर्यंत जाऊन आले. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. आत गेले असते तर कुणाला काय विचारणार होते, कोण जाणे.


बुधवार, २० मार्च

ताई आली. वडिलांना घेऊन. खाली रिक्षा उभी ठेवली होती, त्यात एक पिशवी आणि गुंडाळलेली गादी. बहिणीकडे निघाले होते.

मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. वडिलांना सासूबाईंशेजारी सोफ्यावर बसवलं, त्यांच्या पाठीशी उशी दिली, आणि मग उभ्या उभ्या सांगितलं. शनिवारी संध्याकाळी मोठ्या बाईंनी सगळ्या सेविकांना खाली बोलावलं. टेबलावर मोबाइल ठेवून ते वाक्य लावलं. मग एकेकीला म्हणाल्या, हेच वाक्य म्हणून दाखव.

"तुम्ही काय केलंत?"

"म्हटलं. माझी पाळी येईपर्यंत वाटत होतं, आवाज बदलून म्हणता येईल. तुमच्या मशीनला येतं ते माझ्या गळ्याला नाही आलं, वहिनी."

त्यानंतर तिला वरच्या मजल्यावर जाऊ दिलं नाही. आज सकाळी वडिलांना आणून फाटकाजवळच्या बाकावर बसवलं आणि घेऊन जा म्हणाले.

"मी शब्द दिला होता," मी म्हटलं.

"दिला होता. मोडला. ते मला माहीत आहे, सांगायला नको."

इतका वेळ सासूबाई तिच्या वडिलांशी बोलत होत्या. चहा घेणार का, झोप लागते का, म्हाताऱ्यांचं जे असतं ते. ते गोड हसत होते, त्यांना आपण कुठे आलोय ते नीट कळत नव्हतं. कपाला हात पुढे केला तशी बाही मागे सरली. सासूबाई नव्या डोळ्याने बघत होत्या. "हे काय हो हाताला?"

मनगटाभोवती वळ होता, बांगडीसारखा गोल, मध्ये सोललेला. दुसऱ्या हातालाही. त्यांनी घाईने बाही खाली ओढली, काहीतरी चोरून खाताना सापडावं तशी.

"मऊ चादर नव्हती," ताई म्हणाली. एवढं बोलून ती भिंतीकडे वळली. सासूबाईंनी मला खुणेने गप्प बसवलं.

मग ती म्हणाली, "ते झाकण काढा."

मला आधी कळलंच नाही.

"माझ्या तोंडावरचं. आवाज माझा गेलाच आहे सगळीकडे. वर तोंड धुरकट दिसलं तर लोक म्हणतील, खोटं बोलते म्हणून लपलीय. बाबांसाठी लपले होते मी. आता कुणासाठी लपू?"

मी खरं ते सांगितलं. दिग्दर्शकाला तिचा भागच काढायचा आहे, आश्रमाच्या वकिलाला तो घाबरलाय.

"त्यांना म्हणावं, एकदा येऊन बाबांचे हात बघून जा. मग काढा." पिशवीचा बंद खांद्यावर चढवून ती दाराशी थांबली. "आणि वहिनी, मी माफ केलंय असं समजू नका. काम आहे म्हणून आलेय तुमच्याकडे. ते काम नीट करा."


गुरुवार, २१ मार्च

दिग्दर्शक सकाळी तिच्या बहिणीकडे जाऊन आला. आल्यावर चपला न काढताच खुर्चीत बसला. मग एवढंच म्हणाला, "ठेवा तो भाग. वकिलाला मी बघतो." आज 'बस' म्हणाला नाही.

चष्मेवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, सोपं आहे. झाकण मी वेगळ्या थरावर ठेवलंय, तो थर काढला की झालं." मी म्हटलं, थांब, मी करते. माझ्या मूळ टाइमलाइनवर बसले आणि ताईच्या भागावरचं झाकण काढलं. आवाजावरचा इफेक्टही काढला. दोन्ही कायमचे. मग तो भाग एक्सपोर्ट केला. काय पोचेल आणि काय मागे राहील ही धाकधूक या वेळी नव्हती. मागे राहण्यासारखं त्यावर काही उरलंच नव्हतं.

दुपारी स्टुडिओतून फाइल आली. पडदे ओढले, पण आवाज बंद केला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी बघू का? डॉक्टर हो म्हणालेत." त्यांची खुर्ची माझ्या खुर्चीला लावली.

ताई आली पडद्यावर. कपाळावर घाम, कानाजवळचा तीळ, जो शोधून काढला म्हणून मी फुगले होते तो. "संध्याकाळ झाली की आम्ही त्यांना बांधतो," ती म्हणाली, तिच्या आवाजात. माझा हात आपोआप माउसकडे गेला, थांबवायला. सासूबाईंनी तो धरून ठेवला. त्या पुढे वाकून बघत होत्या, एक डोळा मिटून, नव्याने.

"त्या दिवशी पायाशी बसली होती तेव्हा मला काही दिसत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे ताई ताई म्हणता, मला वाटलं चांगली पोक्त बाई असेल. अगं, ही तर पोर आहे."

मी हो म्हटलं आणि आवाज वाढवला.